महाकाय कोहळ्याचं बी उगवलं नाही? मेलं म्हणण्याआधी हे तपासा

दरवर्षी जानेवारीच्या शेवटी आणि परत जूनच्या शेवटी मला एकसारखे फोन येतात. "भाऊ, तुम्ही दिलेलं बी पोचट निघालं." "काहून उगवलं नाही जी, चारही बिया गेल्या." मी वर्धा जिल्ह्यात राहतो, कापूस-तुरीची शेती आहे आणि बांधावरच्या दोन आळ्यांत मोठ्या कोहळ्याची हौस आहे. पुण्याकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते आमचं कोहळं. गेली काही वर्षं मी या मोठ्या जातीच्या बिया देतो-घेतो. पाकिटात चार-पाच बिया, त्याच्या बदल्यात दुसऱ्याकडच्या चार-पाच. पैसे क्वचितच.

एवढ्या फोनांनंतर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. मेलेलं म्हणून ज्या बियांना शिव्या बसतात, त्यातल्या बऱ्याच हातात आल्या तेव्हा जिवंत होत्या. त्या आपल्या घरात मेल्या, नाही तर आपल्या आळ्यात. काही तर मेल्याच नव्हत्या, थांबल्या होत्या. म्हणून बी देणाऱ्याला फोन लावण्याआधी हे सगळं ओळीने तपासा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

आधी लक्षण ओळखा

"उगवलं नाही" ही एक तक्रार वाटते, पण तिच्या आत पाच वेगळ्या गोष्टी असतात. पेरून आठ-दहा दिवस झाले असतील तर बोटाने किंवा लाकडी काडीने हळू माती बाजूला करा आणि बी शोधा. खुरपं घालू नका, कोंब असला तर तुटेल.

बी सापडलं, टणक आहे, जसं टाकलं तसंच आहे: याला ऊब नाही तर ओल पोचली नाही. हे बी बहुतेक वेळा वाचतं.

बी फुगलं, दाबलं की पिचकतं, वास येतो: पाणी जास्त झालं, किंवा बी आधीच गेलेलं होतं. दोन्हींतलं कोणतं, ते पुढच्या तपासण्यांत कळेल.

मूळ फुटलंय, पण टरफलाची टोपी पानांवर अडकली आहे: बी उत्तम आहे, त्याला फक्त सुटका हवी. ओला कापूस टोपीवर अर्धा-एक तास ठेवा, मग नखाने अलगद उकला. कोरडी टोपी ओढली तर पानं तिच्यासकट हातात येतात.

वर आलं आणि दुसऱ्या दिवशी दोन पानं चाळणीसारखी झाली: हे काम लाल भुंग्याचं. बियाचा दोष शून्य.

बी सापडतच नाही, नुसतं उकरलेलं भोक आहे किंवा रिकामी टरफलं पडली आहेत: उंदीर, नाही तर खार. कोहळ्याच्या बीएवढी चविष्ट गोष्ट त्यांना शेतात दुसरी नाही. आळ्यावर बारीक जाळी किंवा जुनी चाळणी पालथी घातली की प्रश्न मिटतो. एका काकांनी दोन वर्षं माझ्याकडून बी नेलं आणि दोन्ही वर्षं "बी खराब" म्हणाले. तिसऱ्या वर्षी मी त्यांच्या आळ्यावर जाळी घालून आलो. पाचातल्या चार उगवल्या.

तारीख आणि ऊब

पहिला प्रश्न मी हाच विचारतो: कधी टोकलं? उन्हाळी वेलासाठी आपण जानेवारीत घाई करतो. दिवसा ऊन छान असतं, पण आपल्याकडे तेव्हा रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो आणि काळी माती ओली असली की गारच राहते. कोहळ्याच्या बियाला मातीत २७ ते ३२ अंश ऊब मिळाली तर ते चार ते सात दिवसांत वर येतं. १५ अंशांखाली ते हालत नाही, आणि न हालता ओल्यात पडून राहिलं की बुरशी त्याला खाते. बी सडलेलं दिसतं म्हणून ते मुळात मेलेलं होतं असं होत नाही.

उपाय फुकट आहे. जानेवारीत बी थेट मातीत टाकू नका, घरात मोड आणा. ओल्या सुती कापडात गुंडाळून लहान डब्यात ठेवा आणि डबा चुलीजवळच्या कोनाड्यात किंवा फ्रिजच्या मागच्या गरम बाजूला. साधा थर्मामीटर शेजारी ठेवा. हाताला "कोमट" वाटणं ही मोजणी नाही. ३८ अंशांच्या वर गेलं तर ऊबच बियाला मारते. माझ्या ओळखीचे एक गुरुजी बियांची पुडी दिवसभर सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवतात आणि रात्री उशीखाली. त्यांच्या बिया माझ्याआधी मोड काढतात.

खोली, पाणी, माती

दीड इंचापेक्षा खोल टोकू नका. आपली भारी काळी माती पाणी धरून ठेवते, मग वरून पापडी धरते, आणि तिच्याखाली कोंब वाकून मरतो. आळ्याच्या मधोमध दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि रेती मिसळून तिथे बी ठेवा. टोकदार बाजू खाली किंवा बी आडवं. मूळ टोकाकडूनच निघतं, त्यामुळे टोक वर राहिलं तर मुळाला वळसा घ्यावा लागतो आणि टोपी अडकण्याचा त्रास वाढतो.

पाणी एकदा नीट द्या, मग वाफसा येऊ द्या. रोज सकाळ-संध्याकाळ तांब्या ओतणारे लोक बियाला बुडवतात. श्वास बियालाही लागतो.

बी हातात घेऊन बघा

इथून पुढे बियाची परीक्षा सुरू होते, आणि सगळ्यात मोठा घोटाळा इथेच आहे: पाण्यात टाकून बघणे. तरंगलं म्हणजे पोचट, बुडलं म्हणजे चांगलं, हे आपण सोयाबीन-धानावरून शिकलो. कोहळ्याच्या बियाला तो नियम लावू नका. हे बी चपटं असतं, आणि नीट वाळलं की आतला गर आणि टरफल यांच्यामध्ये हवा राहते. त्या हवेमुळे उत्तम बीसुद्धा तरंगतं. एका ताईंनी वीस बिया पाण्यात टाकल्या, वीसच्या वीस तरंगल्या आणि त्या फेकायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, मला द्या. ओल्या कापडात चौदा फुटल्या. पाणी हे बी भिजवायला वापरा, निवाडा करायला नाही.

मग बघायचं काय? एकाच फळातल्या बिया शेजारी ठेवा. बोटांत धरून दोन्ही बाजूंनी हळू दाबा: भरलेलं बी ताठ लागतं, पोचट बी मधून दबतं. टॉर्चवर धरा. टरफल पातळ असेल तर आतल्या गराची सावली दिसते. सावली टरफलभर असावी. काठावर तडा आहे का, टोकापाशी काळा डाग आहे का, ते बघा. टोकाची इजा सगळ्यात वाईट, कारण मूळ तिथेच असतं. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा मिळाला तर वजन करा. पण तुलना त्याच फळातल्या बियांशीच करा, कारण दोन वेगळ्या फळांच्या बियांचा आकार जन्मतःच वेगळा असतो. जाड आणि मोठं बी म्हणजे मोठं फळ, असंही नाही.

महाकाय जातीचं टरफल जाड असतं. म्हणून जाणकार लोक बियाच्या दोन लांब कडा पॉलिश पेपरने किंवा नेलकटरच्या कानशीने हलक्या घासतात आणि मग चार ते सहा तास कोमट पाण्यात भिजवतात. टोक घासायचं नाही. रात्रभर विसरून सकाळी आठवलं तरी चालेल, पण दोन-दोन दिवस पाण्यात ठेवलेलं बी गुदमरतं.

बियांवर गुलाबी किंवा हिरवा रंग असेल तर ते बुरशीनाशक लावलेलं बी आहे. दात लावून बघू नका, पोरांच्या हाती देऊ नका, आणि उरलेल्या बिया भाजून खाण्याचा विचारही नको.

देणाऱ्याला काय विचारायचं

तक्रार करू नका, चौकशी करा. फळ किती दिवसांचं होतं? बी कोणत्या सालचं? तोवर ठेवलं कुठे? या तीन उत्तरांत अर्धं निदान होतं.

कच्च्या फळाचं बी दिसायला पूर्ण दिसतं, पण आत गर भरलेला नसतो. फळ धरल्यापासून निदान ४०-४५ दिवस व्हायला हवेत, आणि तोडल्यावर फळ लगेच न चिरता तीन-चार आठवडे सावलीत ठेवलं तर आतलं बी आणखी भरतं. बाजारात फोडी विकणाऱ्याकडून आणलेल्या बियांचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो, म्हणून त्या अदलाबदलीत देऊ नयेत. फळातून काढल्या-काढल्या टोकलेलं ताजं बीसुद्धा कधी कधी अडून बसतं. त्याला काही आठवडे वाळून राहू द्या.

सालाबद्दल एक गंमत नेहमी होते. या जातीच्या नावाजलेल्या बियांना फळाचं पौंडातलं वजन आणि शेतकऱ्याचं आडनाव जोडून नाव देतात. '२००९ वॉलेस' ऐकलं की आपल्याला वाटतं, २००९ सालचं बी, फार जुनं. २००९ हे पौंड आहेत. अमेरिकेतल्या रॉन वॉलेस यांनी २०१२ मध्ये ते फळ तोललं, म्हणजे साधारण ९११ किलो, आणि एक अमेरिकन टन (२००० पौंड) ओलांडणारं ते पहिलं फळ. तेव्हा पाकिटावर आकडा दिसला की तो वजनाचा की सालाचा, हे विचारून घ्या.

आणि नाव फक्त आईचं असतं. मधमाशीने कोणाचा पराग आणला हे पाकीट सांगत नाही. देणाऱ्याने संध्याकाळी मादी आणि नर कळ्या दोऱ्याने बांधून पहाटे हाताने परागीकरण केलं असेल तरच बापाचं नाव सांगता येतं.

जातीची फसगतही होते. आज जगातली जवळजवळ सगळी राक्षसी फळं कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल यांनी वाढवलेल्या 'अटलांटिक जायंट' वाणाच्या वंशातली आहेत. ती कुकुर्बिटा मॅक्सिमा या प्रजातीची. आपलं गावठी कोहळं बहुतेक कुकुर्बिटा मॉस्काटा असतं. देठ बघा: मॅक्सिमाचा देठ गोल, जाड, बुचासारखा, मॉस्काटाचा टणक, पाच धारांचा, फळाला चिकटतो तिथे पसरलेला. देणाऱ्याकडे फळाचा फोटो असेल तर देठाचा मागा. गावठी बी वाईट नाही. माझ्या मते आपल्या उन्हाला तेच जास्त टिकतं. पण ज्याला जे सांगून दिलं तेच त्याच्या हातात पडलं पाहिजे.

तुमच्या घरात ते कुठे होतं?

हा प्रश्न लोकांना आवडत नाही, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त बिया इथेच मरतात.

बी ऑक्टोबरात आलं, पेरणी जूनमध्ये. मधल्या आठ महिन्यांत ते टिनाच्या पत्र्याखालच्या माळ्यावर, प्लॅस्टिकच्या पुडीत. म्हणजे त्याने विदर्भाचा अख्खा मे महिना भोगला. बाहेर ४५ अंश असतात तेव्हा पत्र्याखाली त्याहून जास्त असतात. बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा आहे: साठवणीचं तापमान ५ अंशांनी वाढलं की बियाचं आयुष्य निम्मं होतं, आणि बियातला ओलावा १ टक्क्याने वाढला तरी निम्मं होतं. आता २५ वरून ४५ वर जा. चार पायऱ्या, चार वेळा निम्मं. त्या दुपारचा एक तास बियाला सोळा तासांएवढा पडतो. मग पाऊस लागतो, घरातली हवा दमट होते आणि तेच बी ओल ओढून घेतं. चांगल्या जागी पाच-सहा वर्षं सहज टिकणारं बी असं एका वर्षात म्हातारं होतं.

आमची आजी बी राखेत घोळून, वाळलेल्या तुंब्यात भरून, वर मातीचा लेप देऊन घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या खोलीत ठेवायची. राखेने ओल ओढली जाते, लेपाने दमट हवा आत येत नाही, आणि ती मातीची खोली मे महिन्यातही थंड असायची. ते घर पाडून आम्ही स्लॅब टाकला, आणि स्लॅबखाली तीच पद्धत पुरत नाही. म्हणून मी असं करतो:

बी धुऊन सावलीत, पंख्याखाली, ताटात पसरून वाळवायचं. वर्तमानपत्रावर चिकटतं, आणि उन्हात तापतं. आठ-दहा दिवसांनी एक साधं बी वाकवून बघायचं. वाकलं तर ओलं आहे, कट्टकन मोडलं तर वाळलं. मग कागदी पाकिटं काचेच्या बरणीत, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या किंवा कढईत कोरडे भाजून गार केलेले तांदूळ. बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. ओलं बी फ्रिजमध्ये कधीच नाही. आणि बरणी बाहेर काढली की लगेच उघडायची नाही. दोन-तीन तासांत ती खोलीएवढी कोमट होते, मग उघडा. नाही तर थंड बियांवर हवेतलं पाणी धरतं आणि आठ महिन्यांची मेहनत एका मिनिटात भिजते. फ्रिज नसेल तर ओल्या रेतीत अर्धा पुरलेला माठ, त्यात घट्ट झाकणाची बरणी. माळा सोडून काहीही.

कापडातली चाचणी, आणि चारच बिया असतील तर

सोयाबीनचं आपण दरवर्षी करतो: शंभर दाणे, ओलं गोणपाट, किती मोड आले ते मोजायचे. कोहळ्याच्या शंभर बिया कोणाकडेच नसतात. दहा-पंधरा असतील तर पाच ओल्या कापडात ठेवा आणि आठव्या दिवशी मोजा. आपल्या देशाच्या बियाणे प्रमाणकांत भोपळ्याला किमान उगवण ६० टक्के धरली आहे, सोयाबीनला ७०. म्हणजे पाचात तीन आले तर बी पास.

चारच बिया असतील तर चाचणी आणि पेरणी वेगळी करू नका. चारही कापडात घाला, मोड आला की कुंडीत लावा. चारात दोन न येणं ही रोजची गोष्ट आहे, त्यावर कोणाशी भांडू नका. पण ६० टक्के उगवणीच्या बियांतल्या चारही न येणं हे शंभरात जेमतेम अडीच वेळा घडतं. तसं झालं तर एक कारण चारही बियांना लागलं आहे, ऊब, पाणी किंवा साठवण, आणि तुम्हाला परत वर जाऊन शोधायला हवं.

बारा दिवसांनीही हालचाल नसेल तर एक बी, फक्त एक, उकला. गर पांढरा आणि घट्ट असेल, त्यावर पातळ हिरवट पापुद्रा असेल, तर बाकीच्यांना ऊब वाढवून आणखी आठवडा द्या. गर पिवळट-तपकिरी, सुरकुतलेला, आणि जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास असेल तर तेल विटलं आहे. ते बी म्हातारं होऊन गेलं. इथे थांबा. हायड्रोजन पेरॉक्साइड, गोमूत्र, दुधात भिजवणं, यातलं काहीही मेलेल्या बियाला उठवत नाही.

इथून पुढे आपलं काम नाही

जुनं, दुर्मीळ, पण पुष्कळ बी असेल आणि त्याची खात्री हवी असेल तर प्रयोगशाळा. राज्याची बीज परीक्षण प्रयोगशाळा नागपूरला आहे. प्रमाणित उगवण चाचणीला ४०० बिया लागतात, शंभराचे चार गट. म्हणून मूठभर बी घेऊन तिथे जाण्यात अर्थ नाही. थोड्या बियांसाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात विचारा. टेट्राझोलियम नावाच्या चाचणीत जिवंत गर लाल रंग धरतो आणि मेलेला धरत नाही, पण ते रसायन आणि तो निवाडा शिकलेल्या माणसाचा आहे. त्यात बीही कापलं जातं.

परदेशातून टपालाने बी मागवायचा मोह झाला तर थांबा. आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र असल्याशिवाय बी देशात आणता येत नाही. एका पाकिटातून नवा रोग आला तर तो आपल्या बांधावर थांबणार नाही. आपल्या आपल्यात घरचं बी देण्या-घेण्याला मात्र २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

अदलाबदलीतल्या वेलाचं फळ कडू लागलं तर एक घासही पुढे खाऊ नका, शिजवूनही नाही. तो कडूपणा विषारी असतो. खाल्ल्यावर उलट्या-जुलाब झाले तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठा, आणि त्या फळाचं बी कोणाला देऊ नका.

आणि बी दुकानातून पावतीवर आणलं असेल, मोठ्या तुकड्यात लावलं असेल आणि उगवलं नसेल, तर वरचं सगळं उकरणं थांबवा. पावती, पिशवी, लेबल आणि उरलेलं थोडं बी जपून ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती येऊन पंचनामा करते. तो होईपर्यंत त्या तुकड्यात वखर घालू नका.